संशोधकाच्या वयाचे गणित
(अर्थशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



पीएच.डी.साठी नाव नोंदविणाऱ्या विद्यार्थ्याला ‘विषय कोणता?’ असे सर्वजण विचारतात. ‘प्रबंध झाल्यावर पुढे काय?’ हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मार्गदर्शकाला तो प्रश्न अप्रस्तुत वाटतो आणि घरच्यांनी त्याचे उत्तर गृहीतच धरलेले असते: मुलगा प्राध्यापक होणार! या गृहीतकाची किंमत मात्र विद्यार्थी आपल्या वयाने मोजतो.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ साली देशात पीएच.डी. करणारे विद्यार्थी सुमारे १ लाख १७ हजार होते. २०२१-२२ साली ते २ लाख १२ हजारांवर गेले. प्राध्यापकांच्या कायम जागा त्या वेगाने भरल्या गेल्या नाहीत. महाराष्ट्रात तर तासिका तत्त्वावर शिकविता शिकविता कित्येकांची उमेदीची वर्षे सरली. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने ३० जून २०२३ च्या अधिसूचनेने सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट ही किमान अर्हता ठरविली आणि पीएच.डी. ऐच्छिक केली. म्हणजे केवळ पदवीच्या भरवशावर बसून राहण्याचे दिवस संपले.

आता वयाचे गणित पाहावे. एम.ए. होईतो तेवीस वर्षे होतात. प्रवेश, मार्गदर्शक आणि पाठ्यवृत्ती यांच्या प्रतीक्षेत आणखी दोन वर्षे जातात. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. सहाही वर्षे लागली, तर वय एकतीस होते. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेची खुल्या प्रवर्गासाठीची वयोमर्यादा ३० वर्षे आहे. हे दार प्रबंध पुरा होण्यापूर्वीच बंद झालेले असते! याउलट रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातील ‘ब’ श्रेणीच्या अधिकारीपदासाठी पीएच.डी.धारकास ३४ वर्षांपर्यंत सवलत आहे. ही माहिती पहिल्या वर्षी मिळाली तर तिचे नियोजन होते. सहाव्या वर्षी मिळाली तर केवळ हळहळ उरते.

विद्यापीठाबाहेर जाणे म्हणजे ज्ञानाशी प्रतारणा, ही समजूतही सोडली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. तेथे रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला त्यांचा प्रबंध कपाटात पडून राहिला नाही. त्याच अभ्यासाच्या बळावर त्यांनी १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्था उभारली आणि प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपदही सांभाळले. अभ्यासिका आणि शिवार यांच्यात त्यांनी भिंत मानली नाही.

म्हणून संशोधकाने पहिल्याच वर्षी दोन वाटा आखाव्यात. नेट-सेट आरंभीच उरकावी. सांख्यिकी आणि क्षेत्रपाहणी अशी शिकावी की सहकारी बँक, नियोजन विभाग वा एखादी संशोधनसंस्था यांनाही तिचा उपयोग व्हावा. प्रबंधाचे एक तरी प्रकरण सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत लिहून पाहावे. ज्याला आपला विषय गावच्या सरपंचाला समजावता येतो, त्याला नोकरीच्या मुलाखतीत शब्द शोधावे लागत नाहीत.

तथापि सारा भार विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. सुखवस्तू घरातील मुलाला ही माहिती काका-मामांकडून मिळते. शेतमजुराच्या घरातून प्रथमच विद्यापीठात आलेल्या मुलीला ती कोण देणार? प्रत्येक विभागाने आपले माजी संशोधक कोठे गेले याची नोंद ठेवावी व ती नव्या विद्यार्थ्यांपुढे प्रामाणिकपणे मांडावी. मार्गदर्शकाने वर्षातून एकदा तरी प्रबंध बाजूला ठेवून पुढील वाटेविषयी बोलावे. शासनाने पाठ्यवृत्ती वेळेवर द्यावी आणि रिक्त पदे भरावीत. वैयक्तिक नियोजन हा रिकाम्या पदांवरचा उतारा नव्हे.

समाजाने ज्यांच्या शिक्षणावर खर्च केला, त्यांना तिशी उलटल्यावर रांगेत उभे करणे ही व्यक्तीची हानी तर आहेच. पण त्याहून अधिक ती समाजाच्या भांडवलाची उधळपट्टी आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तरी हा हिशेब निराळा समजावून सांगण्याची गरज नसावी.