काळीतली गारगोटी, पांढरीतला मणी

जालना म्हटलं की लोकांना बियाणं आठवतं, सळया आठवतात, मोसंबी आठवते. ‘जालना सोने का पालना’ हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दगड मात्र कुणालाच आठवत नाही. आज दगडावर बोलू. पायाखालच्या गारगोटीवर, आणि तिच्यातल्या पट्टेवाल्या प्रकारावर, म्हणजे अकीकावर.

माझ्याकडे पत्र्याचा एक जुना डबा आहे. त्यात शे-दीडशे दगड आणि सात मणी आहेत. या डब्यानं मला एकदा चांगलंच खाली बघायला लावलं. ती गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती कळायला आधीचं थोडं माहीत पाहिजे.

तर सुरुवातीपासून. आपला सगळा जिल्हा बेसाल्टवर बसलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, एकावर एक थर साचले. लाव्हा थंड होताना आतला वायू अडकून राहिला आणि दगडात पोकळ्या पडल्या. अनारशाला जाळी पडते ना, तशी जाळी समजा. नंतर त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं. पाण्यात विरघळलेली सिलिका होती, ती पोकळीच्या भिंतीला पातळ पातळ थरांनी बसत गेली. एक थर पांढरा, एक राखाडी, जिथं लोह आलं तिथं पिवळा नाहीतर तांबडा. तेच अकीकाचे पट्टे. कधी पोकळी पूर्ण भरते, कधी मधे खड्डा राहतो आणि त्यात स्फटिकाचे चमकणारे दाणे उभे राहतात.

विहीर खणणाऱ्याला हे सगळं पुस्तक न वाचता माहीत असतं. खणताना ठिपक्या-ठिपक्यांचा मऊ खडक लागला की तो म्हणतो, मांजऱ्या लागला. ते ठिपके म्हणजे भरलेल्या पोकळ्याच.

आता बेसाल्ट झिजतो आणि त्याची काळी माती होते, आपली कापसाची काळी. पण अकीक झिजत नाही. त्याचा कठीणपणा दहाच्या मापात जवळजवळ सात. म्हणून आजूबाजूचा खडक माती होऊन गेला तरी गारगोटी वावरात तशीच पडून राहते. शेतकरी ती वेचून बांधावर फेकतो, उरलेली ओढ्यानं दुधना, पूर्णा, केळणा असं करत गोदावरीकडं जाते. शोधायचीच असेल तर पहिल्या एक-दोन पावसांनंतर बांधावर बघा. माती धुऊन निघालेली असते, दगड उघडे पडतात. नाहीतर पावसाळा संपल्यावर नदी ओसरली की वाळू-गोट्यांच्या पट्ट्यात.

ओळखायची कशी? दगड ओला करून उन्हासमोर धरा, कडेनं उजेड आरपार दिसला पाहिजे. मग चाकूनं ओरखडा काढून बघा, अकीकावर उमटत नाही. उलट अकीकच काचेवर ओरखडा काढतो. पांढरा दगड आहे, चाकूनं ओरखडला जातो आणि लिंबाचा थेंब टाकल्यावर बारीक फेस येतो, तर तो कॅल्साइट. फेस नाही, मऊ आहे, मोत्यासारखी चमक किंवा पंख्यासारखे स्फटिक आहेत, तर बहुतेक झिओलाइट. ते टाकून देऊ नका. जालन्याच्या खाणींतले झिओलाइट परदेशातल्या संग्राहकांच्या कपाटांत आहेत. असे नमुने नीट मांडलेले बघायचे असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा बघून या.

आता इतिहासाकडं. तो आपल्या अंगणातलाच आहे.

पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते. त्यात तो म्हणतो की पैठणहून पट्टेदार मौल्यवान दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांनी, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदरावर येतो. या दगडाचं भाषांतर कुणी ऑनिक्स करतं, कुणी कार्नेलियन. कुळ एकच, आपल्या गारगोटीचं.

आणि भोकरदन. जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नोंदी आहेत, त्यात भोगवर्धनचे लोक आहेत. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. तिथं सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा इटलीत पाँपेईला मिळालेल्या मूर्तीशी जुळणारा आहे. आणि मणी सापडले, अकीकाचे, कार्नेलियनचे. म्हणजे जो दगड आपण बांधावर फेकतो, तो दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांच्या गळ्यात होता.

मणी घडवायचे कसे, हे बघायला आज गुजरातेत खंभातला जावं लागतं. तिथं दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. भाजल्यानं पिवळसर लोह तांबडं होतं, रंग खुलतो, आणि दगड फोडायलाही सोपा जातो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरायचा आणि शिंगाच्या डोक्याच्या हलक्या हातोडीनं टोले देत छिलके काढायचे. भोक पाडायला कमानीनं फिरणारा सामता, त्याच्या टोकाला हिऱ्याच्या कणी. शेवटी घासणं आणि चकाकी.

यातली एक बाजू चकाकीखाली झाकली जाते. घासताना सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्याला बरं करणारा इलाज नाही. खंभातच्या अकीक कारागिरांत हा आजार असल्याचं अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या पाहण्यांत दिसलंय. हे सांगतोय कारण व्हिडिओ बघून घरी ग्राइंडर लावणारी पोरं मला भेटतात. बाबांनो, कोरडा दगड कधीही कापू नका, घासू नका. हिऱ्याच्या पात्यावर सतत पाणी पाहिजे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. खाली सांडलेला गाळ वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका.

सुरुवात करायची तर टंबलर बरा. फिरता बंद डबा, आत दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड. आधी जाड पूड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पॉलिशची पूड. प्रत्येक वेळी दगड आणि डबा स्वच्छ धुवायचा. जाड पुडीचा एक कण राहिला तरी शेवटी चरे दिसतात. साधारण महिना जातो. घाई करणाऱ्याचं हे काम नाही. आणि बाजारात गडद निळी किंवा गुलाबी चकती दिसली तर ती रंगवलेली आहे असं धरून चाला. अकीकात सूक्ष्म छिद्रं असतात, रंग मुरतो. आपल्या मातीतले रंग असे भडक नसतात.

आता डब्याची गोष्ट. माझं बालपण भोकरदन तालुक्यातलं. आपल्याकडं शेताला काळी म्हणतात आणि जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी. पाऊस झाला की आम्ही पोरं पांढरीवर जायचो. मणी वेचले, गारगोट्या वेचल्या, सगळं एकाच डब्यात. आजी म्हणायची, “कुणाच्या तरी गळ्यातलं हाय ते, ठिव परत जाऊन.” आम्ही हसायचो.

खूप वर्षांनी पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका सरांना मी तो डबा मोठ्या कौतुकानं दाखवला. त्यांनी एक तांबडा मणी उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, “हा कुठं मिळाला?” मी म्हटलं, पांढरीवर. “कोणत्या बाजूला? किती खोल? सोबत काय होतं? खापर, राख, कोळसा?” मला काही सांगता येईना. दुसरा मणी, तेच. सातही मण्यांचं तेच. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मग आता हा नुसता सुंदर दगड आहे.”

ते वाक्य अजून टोचतं. मण्याचं वय, कारागीर, व्यापार, सगळं त्या जागेत होतं आणि मी मणी उचलून जागा पुसून टाकली.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. पांढरीवरचा मणी, खापर, नाणं काही उचलू नका. फोटो काढा, जागा लिहा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. काळीतली गारगोटी घ्या, पण शेतमालकाला विचारून. आणि खणून काढायची, विकायची असेल तर परवानगी लागते, कारण २०१५ पासून अकीक गौण खनिजांत आहे, मुरूम-वाळूसारखाच. आणि तिसरं, प्रत्येक दगडासोबत चिठ्ठी ठेवा. गाव, ओढा किंवा गट नंबर, तारीख. दोन मिनिटांचं काम आहे.

माझ्या डब्यातल्या गारगोट्यांना आता चिठ्ठ्या आहेत, जेवढं आठवलं तेवढं लिहिलंय. सात मण्यांच्या चिठ्ठीवर फक्त ‘भोकरदन तालुका, पांढरी’ एवढंच आहे. ते मणी कुठं द्यायचे हे सरांनाच विचारलंय. आजी म्हणाली होती तसं परत ठेवणं आता जमणार नाही, पण घरात ठेवायचे नाहीत हे नक्की.

तुमच्या बांधावर काय सापडतं ते बघा, आणि चिठ्ठी लिहायला विसरू नका.