दिव्यांचे शहाणपण

'दिव्याखाली अंधार' ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी दिवा म्हणजे समई, पणती किंवा कंदील. आजचा दिवा तारेवरून आलेला हुकूम ओळखतो, स्वतःची खबर दुसऱ्याला कळवतो आणि माणूस निघून गेला की आपण होऊन मालवतो. तथापि म्हण खोटी ठरलेली नाही. 'डेटा सेंटर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतींत तर तिचा अर्थ नव्यानेच प्रत्ययास येतो.

नवी मुंबईत ऐरोली, महापे या बाजूस अशा इमारती उभ्या आहेत. चेन्नई, हैदराबाद, नोएडा येथेही आहेत. बँकांचे हिशेब, व्यापाऱ्यांचे व्यवहार, घरोघरी पाहिले जाणारे चित्रपट या साऱ्यांचा साठा तेथील गणकयंत्रांत होतो. सर्व्हर नावाच्या या यंत्रांची उंच कपाटे रांगेने मांडलेली असतात आणि दोन रांगांमधून अरुंद वाट असते. यंत्राला काम करण्यास उजेड लागत नाही. उजेड लागतो तो अधूनमधून येणाऱ्या माणसाला.

म्हणूनच अमेरिकेतील दूरसंचार उद्योगाच्या संघटनेने या केंद्रांसाठी जे मानक ठरवले, त्याच्या 2012 च्या आवृत्तीत उजेडाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. दालनात कोणी नसताना पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांपुरता उजेड, ही पहिली. कोणी आत शिरताच त्याला सुखरूप चालता यावे एवढा, ही दुसरी. प्रत्यक्ष काम चालू असताना आडव्या पातळीवर 500 लक्स, म्हणजे कचेरीतील मेजावर असावा तितका, आणि कपाटांच्या उभ्या दर्शनी बाजूंवर 200 लक्स, ही तिसरी.

हे सारे वीज वाचवण्यासाठीच आहे असे कोणास वाटेल. 2007 पासून या केंद्रांची काटकसर एका गुणोत्तराने मोजण्याची प्रथा पडली आहे. इमारतीला लागणाऱ्या एकूण विजेला गणकयंत्रांना लागणाऱ्या विजेने भागावे. उत्तर एकाच्या जितके जवळ, तितकी व्यवस्था चोख. परंतु या हिशेबात दिव्यांचा वाटा अगदी किरकोळ असतो. खरा खर्च यंत्रे थंड राखण्याचा. तेव्हा दिवे इमारतीच्या मध्यवर्ती व्यवस्थापन यंत्रणेला जोडण्याचे कारण निव्वळ बचतीत शोधणे बरोबर नव्हे. ते माणसाच्या सुरक्षिततेत शोधले पाहिजे.

माणूस आला की गेला, हे दिव्याला कळते ते बहुधा उष्णता ओळखणाऱ्या संवेदकामुळे. शरीराची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतील फरक हलला, की त्याला माणसाची चाहूल लागते. आता कपाटांच्या मागील वाटेची स्थिती पाहावी. यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या हवेने ती वाट कित्येकदा 35 अंशांच्याही वर तापते. मनुष्याच्या त्वचेचे तापमान 33 अंशांच्या आसपास. फरक जवळजवळ उरतच नाही. त्यातून एखादा तंत्रज्ञ कपाटामागे गुडघे टेकून, हालचाल न करता केबल जोडत बसलेला असेल, तर संवेदकाच्या लेखी ती वाट रिकामीच. ठरलेली मिनिटे संपतात, दिवा मंदावतो आणि चालू विजेच्या तारांपाशी त्या माणसाचे हात अंधुक उजेडात चाचपडू लागतात. दिव्याखाली अंधार, तो हा.

ही उणीव दिवा एकटा भरून काढू शकत नाही. मात्र दार ती भरून काढू शकते. आत येताना आणि बाहेर जाताना जेथे प्रत्येकाला ओळखपत्र दाखवावे लागते, त्या दाराला ठाऊक असते की दोघे आत गेले आणि एकच परतला. ही खबर दिव्यापर्यंत पोचवणे, यालाच जोडणी म्हणावयाचे. दिव्यांची भाषा निराळी. 'डाली' नावाच्या पद्धतीत दोन तारांच्या एका ओळीवर 64 पर्यंत दिव्यांना स्वतंत्र पत्ता देता येतो. इमारतीच्या यंत्रणेची भाषा निराळी. तिच्यासाठी 1995 मध्ये 'बॅकनेट' हे मानक प्रसिद्ध झाले. दोहोंच्या मध्ये दुभाष्याचे काम करणारे एक उपकरण बसवले, की दाराचा निरोप दिव्याला आणि दिव्याचा निरोप वातानुकूलनाला समजू लागतो. काही केंद्रांत आग पाण्याऐवजी वायूने विझवतात. तो वायू सुटण्यापूर्वी भोंगा वाजून आतल्यांना निघून जाण्यास अल्प अवधी मिळतो. त्या क्षणी कोणीही कळ न दाबता साऱ्या वाटा उजळल्या, तर जोडणीचे सार्थक झाले.

परंतु जोडणीबरोबर पराधीनताही येते. मध्यवर्ती यंत्रणा बंद पडली तर दिव्याने काय करावे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. डालीच्या कर्त्यांनी येथे दूरदृष्टी दाखवली आहे. निरोपाच्या तारेतील वीज गेली, की दिवा नेमून दिलेल्या पातळीवर जातो; आणि कोणी वेगळे नेमले नसेल, तर ती पातळी पूर्ण प्रकाशाची असते. बाहेर पडण्याची वाट दाखवणारे दिवे तर स्वतःच्या बॅटरीवर, कोणाच्याही हुकमाविना जळले पाहिजेत.

दुसरा धोका चोराचा. 2013 साली अमेरिकेतील एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या जाळ्यात चोरटे शिरले, ते शीतकरणाची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराची परवलीची अक्षरे चोरून. सुमारे चार कोटी बँक-कार्डांची माहिती त्यांच्या हाती लागली. म्हणून दिवे, दारे आणि वातानुकूलन यांचे जाळे गणकयंत्रांच्या जाळ्यापासून अलग राखणे, हा शहाणपणाचा पहिला नियम होय.

इमारत कितीही हुशार झाली, तरी तिच्या हुशारीची कसोटी एकच. तापलेल्या वाटेत गुडघे टेकून बसलेल्या त्या माणसाची तिला आठवण राहते काय? दिव्याला तो दिसला नाही, तर दाराने सांगावे. दाराचा निरोप पोचला नाही, तर दिव्याने आपण होऊन उजळावे. एवढी तजवीज ज्यांनी केली, त्यांच्या दिव्याखाली अंधार उरणार नाही.