परसातलं टाकं जिवंत ठेवू या

आज बोलू या परसातल्या टाक्याबद्दल. मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती असलेलं दोन फूट खोल टाकं.

माझ्या पहिल्या टाक्यातले सगळे मासे महिनाभरात मेले. चूक माझीच. मुक्या जिवाला उपाशी कशाला ठेवायचं, म्हणून उरलेला भात, भाकरीचा चुरा रोज टाकायची. अन्न तळाशी कुजलं, पाण्याला वास सुटला. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायचे. मला वाटायचं, खायला मागतायत. मी आणखी भात टाकायची. खरं तर ते श्वासासाठी तडफडत होते. कुजणारं अन्न पाण्यातला प्राणवायू संपवतं. रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो.

आता मी काय करते, ते सांगते. टाकं सिमेंटचं आणि नवं असेल, तर दोन-तीन आठवडे पाणी भरायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच मासे सोडायचे. सुरुवातीला पाच-सहा गप्पी पुरेत. ते झपाट्यानं वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. वरून खाणं द्यायचंच तर चिमूटभर, पाच मिनिटांत संपेल एवढंच. निम्मं पाणी वनस्पतींनी झाकलेलं, निम्मं उघडं. जलपर्णी मात्र आणू नका; ओढ्यात गेली की आवरत नाही. गप्पीही नदी-ओढ्यात सोडू नका, तिथल्या माशांना त्रास होतो.

गोगलगायी शेवाळ आणि सडकी पानं खातात. पण काही जातींच्या गोगलगायींत जनावरांच्या यकृतातले चपटे कृमी वाढतात. ते पाण्यातून, काठच्या गवतातून शेळ्या-गाईंच्या पोटात जातात. म्हणून टाक्यात शेण जाऊ देऊ नका, जनावरांना ते पाणी पाजू नका, काठचं गवत चारू नका. जुनं पाणी भाजीच्या वाफ्याला घाला. आणि घरात रांगतं लेकरू असेल तर टाक्यावर मजबूत जाळी हवीच.

उद्या पहाटे आपल्या टाक्याजवळ जा. मासे वर तोंड काढत असतील, तर खाणं बंद करा, तळाची घाण काढा आणि थोडं पाणी बदला. गटाच्या बैठकीत एकमेकींना हे सांगा.