शिकाऊ मास्तर काय शिकला?

(आंतरवासितेच्या अखेरीस एका खेड्यातील पालकसभेत केलेले भाषण)



आपण आज आम्हाला निरोप देण्यासाठी जमलात. नारळ दिलात, टोपी दिलीत, आणि आमच्या आधी बोललेल्या गृहस्थांनी आमची तोंड भरून स्तुती केली. आम्ही तुमच्या मुलांना काय शिकविले हे त्यांनी सांगितले. परंतु हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात, आणि जमेची तेवढी वाचून खर्चाची झाकून ठेवणे हे सत्याला धरून नाही. म्हणून आम्ही येथे काय चुकलो आणि काय शिकलो, तेवढेच आज सांगणार आहोत.

आम्ही गावात आलो तेव्हा पुष्कळांनी विचारले की, हे शिकाऊ मास्तर कोण आणि कशाला आले? तर बी.एड.ची परीक्षा पूर्वी एका वर्षात होत असे. २०१४ च्या नियमांनी ती दोन वर्षांची झाली, आणि त्यातले वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालविले पाहिजेत असे ठरले. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. यालाच आंतरवासिता म्हणतात. सुताराचा पोर जसा आधी बापाच्या हाताखाली रंधा धरतो, तसाच हा प्रकार. आमच्या तुकडीत आम्ही दहा जण होतो. आळीपाळीने एकेकाने छात्रमुख्याध्यापक व्हावे, म्हणजे परिपाठापासून सुटीच्या घंटेपर्यंत सारा कारभार पाहावा आणि बाकीच्या नऊ जणांकडून काम करून घ्यावे, अशी आमच्या महाविद्यालयाची रीत आहे. पहिली पाळी आमच्यावर आली.

बंधूंनो, खुर्ची मोठी विलक्षण वस्तू आहे. सोमवारी आम्ही तीवर बसलो आणि मंगळवारी आमचा आवाज बदलला. सोबत्यांना आम्ही काही विचारीनासे झालो, नुसते हुकूम सोडू लागलो. पाठाचे टाचण आम्हीच तपासावे, तक्ते कोठे लावावेत ते आम्हीच सांगावे, पोरांच्या रांगाही आम्हीच सरळ कराव्यात, असे चालले. घंटेनंतर येणाऱ्या मुलास परिपाठ संपेपर्यंत सर्वांसमोर उभे करावयाचे, असा नियम आम्ही कोणालाही न विचारता काढला. शिस्त दिसू लागली, आणि आम्हाला वाटले, पुढारीपण ते हेच!

सातवीतला एक मुलगा त्या आठवड्यात तीन दिवस उशिरा आला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला नुसते उभे केले नाही, तर झोपाळू म्हणून त्याची थट्टा केली. सारी शाळा हसली, आणि आम्हीही हसलो. चौथ्या दिवशी तो आला नाही. पाचव्या दिवशीही त्याची जागा रिकामीच राहिली.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. घर गावात नाही, ओढ्यापलीकडे वस्तीवर. आम्हाला पाहताच त्याचे वडील लगबगीने पुढे आले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मास्तर, पोराचं चुकलं. सोमवारपासून येळंवर धाडतो. नाव तेवढं काढू नका." आईने तांब्याभर पाणी आणून दिले. मुलगा गोठ्याच्या दाराआड उभा होता. हळूहळू हकीकत कळली. त्या आठवड्यात शेतीच्या मोटारीला वीज रात्रीची होती. बाप उसाला पाणी देण्यासाठी दारे धरी आणि पोर अंधारात साप-विंचू पाहत बॅटरी घेऊन उभे राही. पहाटे अंग टाकल्यावर घंटेच्या वेळी त्याला जाग कोठून येणार?

म्हणजे रात्रभर राबला तो, थट्टा केली आम्ही, आणि टोपी काढून माफी मागितली त्याच्या बापाने! त्या वेळी आमची मान खाली गेली. कारण आमचा बापही असाच कोणा साहेबापुढे टोपी काढून उभा राहिलेला आम्ही लहानपणी पाहिला आहे. तेव्हा आम्हाला त्या साहेबाचा राग आला होता. या खेपेस तो साहेब आम्हीच होतो.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे लेखी निवेदन ठेवले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यात होती. ती साऱ्यांना ठाऊक असते. पण त्याच निवेदनात मास्तर कसा असावा हेही सांगितले आहे. तो होता होईल तो शेतकरी वर्गातून तयार केलेला असावा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये, आणि रयतेत मिळून मिसळून तिच्या गरजा त्याला कळाव्यात, असा त्याचा भावार्थ आहे. हे आम्ही महाविद्यालयात वाचले होते आणि मनात फुशारकीही मारली होती की, आम्ही तर कुणब्याच्याच घरचे, आम्ही तसलेच मास्तर! त्या वस्तीवर कळून चुकले की, कुणब्याच्या पोटी जन्म घेतल्याने मास्तर कुणब्याचा होत नाही. निवेदनातली पहिली अट जन्माने पुरी होते, बाकीच्या रोज पुऱ्या कराव्या लागतात. उच्चनीचपणा जातीतून येतो हे खरेच आहे. पण तो खुर्चीतूनही येतो, आणि खुर्चीवर बसणारा आपल्यातला असला तरी येतो.

सोमवारी परिपाठात, जेथे त्या मुलाची थट्टा केली तेथेच, सर्व मुलांसमोर आम्ही त्याची माफी मागितली. मग दहा जण एकत्र बसलो आणि या वेळी आम्ही हुकूम न सोडता प्रश्न विचारले. आमच्यातल्या एका बाईंनी सांगितले की, उशिरा येणाऱ्याला शिक्षा करण्याऐवजी त्याचे कारण लिहून ठेवावे. तसे केले. आठ दिवसांत वहीत काय सापडले? कोणी रानात पाण्यावर होते, कोणी डेअरीवर दूध घालून येत होते, कोणाला आई कामावर गेल्यामुळे धाकटे भावंड शेजारी सोपवून यावे लागत होते. आळस असा फार थोडा निघाला. मग पहिला तास गोष्टींचा व वाचनाचा ठेवून गणित दुसऱ्या तासाला नेले, म्हणजे मागाहून येणाऱ्याचे गणित बुडू नये. ही युक्ती आमच्या डोक्यातून निघाली नव्हती. विचारले म्हणून ती मिळाली.

दुसरा धडा क्षेत्रफळाच्या पाठाचा. आम्ही फळ्यावर सुबक चौकोन काढला, लांबी गुणिले रुंदी असे सूत्र लिहिले. मुलांनी ते वहीत उतरले आणि विसरून गेली. तेव्हा त्या वस्तीवरच्या मुलानेच विचारले, "गुरुजी, गुंठा म्हणजे केवढा?" आम्ही दोरी घेऊन सारा वर्ग मैदानावर नेला. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. पण आमचा चौकोन तिरपा होऊ लागला. कोपरा काटकोनात कसा आणावा हे आम्हाला मोकळ्या जमिनीवर सुचेना. तेव्हा एका गवंड्याची मुलगी पुढे आली. तिने एका दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन्ही खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट होईपर्यंत दोरी सरकविली. कोपरा नेमका बसला! घराचा पाया आखताना तिचा बाप हेच करतो. जे प्रमेय आम्ही वरच्या वर्गात पुस्तकातून पाठ केले, ते या मुलीच्या घरी रोज चुलीवरची भाकरी कमावीत होते. त्या दिवशी वर्गाची मास्तरीण ती झाली आणि आम्ही तिचे विद्यार्थी.

ह्या गुंठ्याचा उपयोगही सांगतो. सात-बाऱ्यावर आज क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये लिहितात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. आता सातवीतले पोर घरचा उतारा वाचून बापाला सांगू शकते की आपली जमीन किती. दप्तरातला आकडा वाचता न आल्यामुळे आपल्या वाडवडिलांच्या जमिनी कशा गेल्या, हे येथील म्हाताऱ्यांना सांगावयास नको.

आता दोन शब्द आपल्याविषयी. कडू वाटले तरी ऐका. मास्तरपुढे टोपी काढणे सोडा. मान द्या, पण वाकू नका. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे मुलाला मारणे तर बंदच आहे, पण त्याच्या मनाला जाच होईल असे वागणेही बंद आहे. म्हणजे आम्ही केलेली थट्टाही कायद्याविरुद्ध होती. त्याच कायद्याने शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया पाहिजेत. मुलाची हजेरी व प्रगती पालकांना सांगणे हे मास्तरचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा ती माहिती मागणे हा तुमचा हक्क आहे. परंतु समितीच्या बैठकीला किती जण येतात? नुसत्या वहीत सह्या करून मोकळे होणारे किती? आपल्या हक्काची जागा आपणच रिकामी ठेवली, तर तीवर दुसरा कोणी बसल्याबद्दल बोंब मारण्यात काय हशील?

आणखी एक. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते पोराच्या हातात रात्री बॅटरी देण्यासाठी नव्हे. नड आम्हाला कळते. पण ज्या रात्री भाऊबंदांपैकी कोणी सोबतीला मिळेल, त्या रात्री तरी पोराला झोपू द्या. आणि पोर सांभाळावयास घरी ठेवायची ती मुलगीच का, याचाही विचार करा.

असो. आम्ही येथे पुढारीपण शिकावयास आलो होतो. हुकूम सोडणे दोन दिवसांत जमले, आणि विचारणे शिकावयास सोळा आठवडे लागले. पुढे नोकरी लागेल, न लागेल. पण कोठेही खुर्ची मिळाली तर त्या वस्तीची वाट आठवेल.

ते वडील आज या सभेत मागे बसलेले आहेत. नाव घेऊन त्यांना संकोचात टाकणार नाही. त्या शनिवारी आम्ही गोंधळलो आणि त्यांच्याकडे माफी मागावयाची राहून गेली. मुलाची मागितली, बापाची राहिली. ती आज सर्व गावासमोर, ही मिळालेली टोपी हातात घेऊन, मागतो आणि आपली रजा घेतो.