रोज ऐकू येणारं नाव

(धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयीन तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मघाशी बाहेर चहा पिताना तुमच्यातल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, आमच्या कॉलेजात रेडिओ सुरू करायचाय. पण आपल्या लोकांना त्यातून काय मिळणार?" आज मी याच प्रश्नावर बोलणार आहे. तयार करून आणलेलं भाषण खिशातच राहू द्या.

सुरुवात एका कौतुकापासून करतो. तुमच्यापैकी प्रत्येकाने ते ऐकलेलं असणार. आपण चार वाक्यं बोलतो, मग नाव सांगतो आणि समोरचा प्रेमाने म्हणतो, "अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!" त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण आपले आजोबा इथलेच, त्यांचे आजोबाही इथलेच. पेरणी, पंचायत, सगळं मराठीत झालं. मग हे नवल का वाटावं? याचं कारण साधं आहे. आपलं नाव आणि ही भाषा त्याने एकत्र फारशी ऐकलेलीच नाहीत. आपलं नाव त्याच्या कानावर पडतं ते निवडणुकीत, तणावाच्या बातमीत आणि ईदच्या शुभेच्छांत. इतर दिवशी आपण त्याला ऐकूच येत नाही.

रेडिओ मात्र रोजचा असतो. म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्या भागाला रेडिओ नवा नाही. हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा संस्थानाचं स्वतःचं डेक्कन रेडिओ होतं. उर्दूबरोबर त्यावर तेलुगू, मराठी आणि कन्नड कार्यक्रमही लागत. १९५० साली ते ऑल इंडिया रेडिओमध्ये विलीन झालं. पुढे आपल्या जिल्ह्यातही आकाशवाणीचं केंद्र आलं. पण आधी संस्थान बोलायचं आणि रयत ऐकायची. नंतर सरकार बोलू लागलं. ऐकणारे आपणच राहिलो.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितलं की आकाशातल्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा होता, पण निकाल तुमच्या-माझ्या उपयोगाचा ठरला. रेडिओलहरी सरकारच्या नाहीत, कंपन्यांच्याही नाहीत. गावच्या ओढ्यावर जसा सगळ्यांचा हक्क, तसाच त्यांच्यावर. २००२ साली केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना छोटं रेडिओ केंद्र चालवायला परवानगी दिली आणि २००६ साली ती सामाजिक संस्थांनाही मिळाली. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिलं केंद्र सुरू झालं. आपल्याकडे पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' आहे, मुंबई विद्यापीठाचं 'मस्ट रेडिओ' आहे, म्हसवडला माणदेशी बायकांचं 'माणदेशी तरंग' आहे.

हे केंद्र छोटंच असतं, शंभर वॅटचं. मनोऱ्याभोवती दहा-पंधरा किलोमीटर ऐकू येतं. धाराशिवमधून बोललात तर तुळजापूरला बहुधा ऐकू जाणार नाही. पण शहरातल्या मोहल्ल्यांत, वाड्यांत आणि आसपासच्या गावांत ऐकू जाईल. तुम्हाला तरी कोणाला ऐकवायचंय? शेजाऱ्यालाच ना?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. समजा, रोज सकाळी सात वाजता एक आवाज येतो. "आज बाजार समितीत सोयाबीनचा भाव इतका, तुरीचा इतका, उडदाचा इतका. नळाला पाणी अमुक भागात येणार. सांगत होते मी, सानिया शेख." दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या आठवड्यात लोक नावाकडे लक्ष देतील. महिन्याभरात भावाकडे देतील. वर्षाने ती एक दिवस आली नाही, तर पारावर बसलेला म्हातारा विचारेल, "आज आपली ती पोरगी कुठं गेली?" या "आपली" शब्दासाठी आपण किती परिषदा घेतो, किती ठराव करतो! मी स्वतः त्या परिषदांना जातो आणि त्या निरुपयोगी आहेत असं म्हणत नाही. पण परिषदेला आधीच पटलेले लोक येतात. सोयाबीनचा भाव मात्र सगळेच ऐकतात.

तुम्ही म्हणाल, आम्हाला गाणी लावायचीत, भाव कोण वाचत बसणार? गाण्यांचंही सांगतो. फिल्मी गाणं लावायचं तर हक्कधारकांना पैसे मोजावे लागतात आणि कॉलेजच्या रेडिओकडे पैसे कमीच असतात. ही अडचणच तुमच्या कामी येईल. गाणी विकत आणता येत नाहीत म्हटल्यावर ती आपल्या गल्लीत शोधावी लागतात. आणि आपल्या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. तुळजापूरचे गोंधळी आणि त्यांचं संबळ. तेरमध्ये गोरोबाकाकांच्या नावाने चालणारं भजन. ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसातली कव्वाली. हळदीच्या रात्री दादी-नानी दखनीत म्हणतात ती लग्नाची गाणी. जात्यावरच्या ओव्या. त्या हिंदू घरात होत्या, मुसलमान घरातही होत्या, कारण पहाटेचं दळण कोणालाच चुकलेलं नव्हतं.

शेजारच्या बार्शीत १९१६ साली मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. गरिबीत वाढला, पडेल ते काम केलं. महाराष्ट्र त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याच्या बुलंद आवाजासाठी मैदानं भरायची. "तुमचं मराठी छान आहे" असं त्याला कोणी म्हटलं असेल, असं मला वाटत नाही. लोकांनी त्याला रोज ऐकलं होतं.

काही घरांत संगीत चालत नाही, हे मला माहीत आहे. त्या घरातल्या मुलीवर कोणी जबरदस्ती करू नये आणि तिला बाहेरही ठेवू नये. ती आरोग्याचा कार्यक्रम करील, परीक्षेचं मार्गदर्शन करील, आजीकडून दुष्काळाची आठवण टिपून आणील. रेडिओत गाण्याशिवायही पुष्कळ काम असतं. संध्याकाळी उशिरा थांबायला घरचे नाही म्हणत असतील तर दुपारी रेकॉर्डिंग करा, प्रसारण रात्री आठला होऊ द्या. आवाज रात्री बाहेर पडला तर त्याला घरी सोडायला कोणाला जावं लागत नाही.

नियमही समजून घ्या. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. ते शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत, असं धोरणातच लिहिलंय. म्हणजे आपली घरातली दखनी ही लाजायची गोष्ट नाही, ती नियमात बसते. राजकीय बातम्या देता येत नाहीत. कोणी त्याला मुस्कटदाबी म्हणेल. मला ती मर्यादा खटकते, तरी ती पाळूनही पाणी, शाळा, दवाखाना, शिष्यवृत्ती यांवर बोलायला दिवस पुरणार नाही.

आणि एक घरचा आहेर. हा रेडिओ "आपला" म्हणजे फक्त मुसलमान मुलांचा झाला, तर तो मनोऱ्यावर टांगलेला आणखी एक मोहल्ला होईल. टीममध्ये सगळे हवेत. मोहरमवर बोलायला बामणाची मुलगी जाऊ दे आणि गोंधळ्याची मुलाखत इरफान घेऊ दे.

परवानगी कॉलेजला मिळते, विद्यार्थ्याला नाही. तिला वेळ लागतो. तोवर काय करायचं? उमरग्यावरून हैदराबादचा रस्ता धरला की वाटेत झहीराबाद लागतं. त्या भागातल्या माचनूर गावी दलित शेतकरी बायकांनी 'संघम रेडिओ' उभा केला. स्टुडिओ तयार झाला, पण परवानगी नव्हती. वर्षानुवर्षं त्या बायकांनी बियाणांच्या, आजारांच्या, गाण्यांच्या कॅसेट भरल्या आणि संघांच्या बैठकीत वाजवून दाखवल्या. १५ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसारण सुरू झालं, तेव्हा त्यांना कार्यक्रम शोधावे लागले नाहीत, ते तयार होते.

तुमच्या खिशात फोन आहे. आजपासून सुरू करा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर-लोहारा भागात ज्यांनी हातांनी माती उपसली, ते तरुण आज साठीला आलेत. मातीखाली कोण आहे, त्याचं नाव काय, हे तेव्हा विचारायला वेळ नव्हता. त्यांना आता विचारा, नाहीतर पुढे विचारायला कोणी उरणार नाही. कोणी बोलता बोलता उस्मानाबाद म्हणेल, कोणी धाराशिव म्हणेल. कोणालाही मध्ये तोडू नका, जसं बोलतील तसं ठेवा.

प्रत्येक रेकॉर्डिंगवर तारीख, गाव आणि बोलणाऱ्याची परवानगी लिहून ठेवा. एक वही करा. तीन वर्षांनी तुम्ही पास होऊन जाल. ती वही पुढच्या मुलांच्या हातात नीट पडली तरच रेडिओ टिकेल. अशी कामं बंद पडतात ती बहुतेक वेळा पैशापेक्षा या वहीवाचून.

मला ज्या मुलीने प्रश्न विचारला, ती तिथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. बेटा, आपल्या लोकांना काय मिळणार, याचं माझं उत्तर एवढंच. कार्यक्रम संपला की आपलं पूर्ण नाव सांग. घाई करू नकोस, दबक्या आवाजात सांगू नकोस, जोर देऊनही सांगू नकोस. तुरीचा भाव सांगतेस तसंच सांग. आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर ये.