हुरड्याच्या दिवसांत जन्मलेली आजी

आम्ही इस्लापूरहून बोलतोय, आमच्या बचत गटांच्या वतीनं.

गेल्या कोजागिरीला आम्ही एका आजीचा वाढदिवस केला. आजी म्हणजे गटातल्या एका ताईच्या सासूबाई. तेव्हापासून दर बैठकीत कुणी ना कुणी विचारतं, 'आमच्या म्हातारीचं कसं करायचं?' म्हणून ही हकिगत.

पहिला घोळ वयाचा. आधार कार्डावर आजीची जन्मतारीख 1 जानेवारी 1953. आपल्याकडं कितीतरी म्हाताऱ्या माणसांची तारीख 1 जानेवारीच असते, लिहिणाऱ्यानं लिहिली आणि झालं. कार्डाप्रमाणं आजी तेव्हा 72 वर्षांची. वयाची 75 पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट आहे, आणि आजी मात्र आमच्या शेजारी बसून आमच्यासारखंच अर्धं तिकीट काढते!

मग आम्ही हिशेब मांडला. हैदराबाद संस्थान भारतात आलं 17 सप्टेंबर 1948 ला. त्याच्या आधी रझाकारांच्या भीतीनं घरची माणसं रात्री रानात लपायची, तेव्हा धाकटा भाऊ आईच्या कडेवर आणि आजी आपल्या पायानं चालत, एवढं तिला आठवतं. म्हणजे साडेतीन-चार वर्षांची. तिची आई सांगायची, 'तू हुरड्याच्या दिवसांत झालीस.' आला 1944 चा मार्गशीर्ष. पडताळा म्हणून 1972 चा दुष्काळ घेतला. मिलो ज्वारी खाऊन आजी खडी फोडायला जायची, तेव्हा थोरला पोरगा दहा वर्षांचा होता. कार्ड खरं मानलं तर आजी नवव्या वर्षी बाळंत झाली म्हणायची! आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि पुराव्याचा कागद लागतो. आजी शाळेत गेलेली नाही. त्या खटपटीला आम्ही लागलोय, ते पुन्हा कधी सांगू.

आता कोजागिरीच का? सहस्रचंद्रदर्शन आपण ऐकून असतो, म्हणजे हजार पौर्णिमा बघितलेलं माणूस. वर्षाच्या 12 प्रमाणं 80 वर्षांच्या 960. मध्येमध्ये अधिक महिने येतात, त्यांच्या साधारण 30. झाल्या 990. वर आणखी दहा महिने. मार्गशीर्षापासून दहा महिने मोजा, आश्विन येतो. बोटांवर मोजलं आणि कोजागिरीवर येऊन थांबलो. आजी म्हणाली, "एवढे चंद्र बघितले, पण निवांत बसून एकही नाही."

नातवाला मात्र डीजे आणि फ्लेक्स पाहिजे होता. त्यानं आईच्या नावावर गटातून 20 हजारांचं कर्ज मागितलं. फ्लेक्सच्या नमुन्यावर पुढाऱ्यांचे फोटो एवढाले, आजी खाली कोपऱ्यात. आम्ही कर्ज नाकारलं. पोरगं चार दिवस बोललं नाही. चालायचंच.

खरी अडचण पुढंच होती. औक्षणाचं निघालं तशा आजीच्या नणंदबाई म्हणाल्या, "तिला कसं ओवाळायचं? नवरा जाऊन तीस वर्षं झाली." सगळ्या गप्प. खरं सांगतो, आमच्यातल्याही काही जणींना ते पटलं होतं. मग आम्ही हेरवाडचं सांगितलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे सगळं बंद, असा ठराव तिथल्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये केला. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. नणंदबाई म्हणाल्या, "तिकडचं तिकडं."

तेव्हा आम्हाला सुचलं की आजीला कुणी विचारलंच नाही. विचारलं. ती म्हणाली, "कुंकू नको, आता सवय राहिली नाही. पण दिव्यानं ओवाळा. आणि ओवाळायला माझ्या शेजारणीला बोलवा." शेजारीणही विधवाच. आम्ही कुंकू लावायच्या तयारीनंच गेलो होतो, तो हट्ट सोडला. ज्या आजीला लावायचं असेल तिला लावू, जिला नको तिला नको.

त्या दिवशी दुपारी आजीला सहस्रकुंडला नेलं. पैनगंगेवरचा एवढा मोठा धबधबा, लांबलांबची माणसं बघायला येतात, आणि आजी इतक्या जवळ राहून कित्येक वर्षांत तिकडं फिरकली नव्हती. पाण्याकडं बघत बसली. पलीकडच्या काठाकडं बोट करून म्हणाली, "ते विदर्भ ना? तिकडं बी माझी एक बहीण दिली होती."

रात्री अंगणात कणकेचे 81 दिवे लावले. तेल-वातीचा आणि दुधाचा खर्च वर्गणीतून, माणशी 30 रुपये. शेजारीणबाईंच्या हातात ताट दिलं तर हात थरथरायला लागला. "मला जमंल का गं?" म्हणाल्या. आजीनं खालून ताटाला हात लावला, आणि दोघींनी मिळून आजीला ओवाळलं. नणंदबाई ओट्यावर बसून बघत होत्या. दूध वाटताना त्यांनी हळूच विचारलं, "माझं वय किती निघतंय बघता का?"