‘बाहुबली’चा रंगपट

(डिचोली येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय कळवला तेव्हा एका कार्यकर्त्याचा मला फोन आला. ‘सर, बाहुबली म्हणजे श्रवणबेळगोळचा ना?’ (हशा) नाही. राजामौलींचा. त्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, ‘बरं, मग गर्दी होईल.’ (हशा) गर्दी झाली आहे, त्याबद्दल तुमचे आभार.

पण व्याख्यानमालेत सिनेमाचे कौतुक कशाला, असे वाटणारेही इथे आहेत, आणि ते पहिल्याच रांगेत बसले आहेत. त्यांच्यासाठी माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. लोक म्हणतात, ‘बाहुबली’ने हॉलिवूडची बरोबरी केली. मला हे मान्य नाही. तो चित्रपट आपल्या जत्रेतल्या रात्रीच्या नाटकाच्या गोत्रातला आहे. पेडण्यात किंवा सिंधुदुर्गात ज्याने ‘ट्रिकसीनयुक्त महान पौराणिक दशावतारी नाटक’ अशी जाहिरात वाचली आहे आणि मग खरोखर पहाटेपर्यंत जमिनीवर मांडी घालून ते नाटक पाहिले आहे, त्याला ‘बाहुबली’तल्या माहिष्मती राज्याचे दार उघडायला कोणी वाटाड्या लागला नाही. ‘बाहुबली’ म्हणजे ट्रिकसीन नाटक, असे मी म्हणतो तेव्हा ती माझ्या लेखी सर्वांत मोठी स्तुती असते.

चित्रपटाची कथा मी सांगत बसणार नाही. पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला, दुसरा २८ एप्रिल २०१७ ला. मधल्या काळात सगळा देश एकच प्रश्न विचारत होता. (सभागृहातून : ‘कटाप्पाने का मारला?’ हशा) बघा, अजून विचारतात! पहिल्या भागाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जगभरात एक हजार कोटींचा गल्ला ओलांडणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणजे दुसरा भाग. २०२५ च्या ३१ ऑक्टोबरला दोन्ही भाग जोडून पावणेचार तासांचा एकच चित्रपट पुन्हा थिएटरात लागला आणि लोक पुन्हा गेले. आपल्याकडे बहुतेकांनी तो हिंदीत पाहिला. त्यातला बाहुबलीचा आवाज शरद केळकरांचा, हे तुम्हाला माहीत असेलच. पुढे ‘तान्हाजी’त शिवाजी महाराज झाले ते हेच केळकर. आकडे आणि नावे इथे संपली. आता माझ्या आवडीच्या गोष्टींकडे येतो.

दुसऱ्या भागाची सुरुवात आठवा. राजमाता शिवगामी डोक्यावर अग्निपात्र घेऊन अनवाणी निघाली आहे. व्रत असे की थांबायचे नाही. आणि हत्ती पिसाळतो. लोक सैरावैरा पळतात, ती मात्र चालत राहते. मग दरवाजा फोडून तो अजस्र रथ आत येतो, रथामागे बाहुबली. हळद उधळते, हत्ती शांत होतो, आणि शिवगामी त्या हत्तीच्या पायांमधून, पोटाखालून, पावलाची लय न मोडता पुढे निघून जाते. शहरातल्या समीक्षकांनी इथे ग्राफिक्सवर लिहिले. पण तुम्ही डिचोली तालुक्यातली माणसे आहात. शिरगावची लईराई देवी तुमची. व्रत धरलेले धोंड हातात बेत घेऊन होमकुंडातून जाताना तुम्ही लहानपणापासून पाहिले आहेत. व्रत घेतलेले पाऊल कसे पडते, ते तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. रम्या कृष्णन यांचे पाऊल तसे पडले आहे. म्हणून ते दृश्य खरे वाटते. हत्ती संगणकाने केला असेल. चाल त्या बाईने केली आहे.

आणि हत्तीचे म्हणाल, तर आमच्या पेडण्यात भगवतीसमोर दोन दगडी हत्ती उभे आहेत, अंगापिंडाने खऱ्या हत्तीएवढे. त्यांच्या सोंडेखाली आम्ही खेळलो. २०२५ च्या सप्टेंबरात तिळारीकडचा ओंकार हत्ती मोप, तांबोसे भागात उतरला आणि त्याने भातशेती तुडवली, तेव्हा शेतकऱ्यांचे नुकसान मोठे झाले, ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. तरीही त्या दिवसांत म्हातारी माणसे हात जोडून उभी होती. हत्तीचे भय आणि हत्तीची भक्ती एकाच मनात राहू शकते, हे आमच्या तालुक्याला ठाऊक आहे. राजामौलींनाही ते ठाऊक आहे.

आता एक आठवण सांगतो. दोन मिनिटांची आहे.

आमच्या वाड्यावर एक जुने दशावतारी होते. राजपार्टी करायचे. रंगपटात हातातल्या आरशात बघून स्वतःचा रंग स्वतः काढायचे, आणि मुकुट चढला की त्यांना नावाने हाक मारायची कोणाची हिंमत होत नसे. २०१७ च्या मे महिन्यात मी त्यांना पर्वरीला दुसरा भाग दाखवायला नेले. हिंदी त्यांना बेताचीच कळायची. मी शेजारी बसून अर्थ सांगू लागलो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केले. पडद्यावर भल्लाळदेव आला. थोड्या वेळाने ते माझ्या कानाशी म्हणाले, ‘ह्या राजाचे पांय पळय. उलयतना हालनात.’ (टाळ्या) राणा दग्गुबाटींच्या अभिनयावर मी पुष्कळ वाचले आहे, पण पायांबद्दल कोणी लिहिलेले नाही. दशावतारात राजा प्रवेश करतो तो टाच आपटत, पखवाजाच्या बोलावर. पण एकदा बाकड्यावर बसला, बोलायला लागला, की पाय खिळलेले. जो राजा बोलताना पाय हलवतो तो प्रधान दिसतो. हे शास्त्र त्यांच्या घरात चालत आलेले.

मग तो राज्याभिषेकाचा प्रसंग आला. सिंहासनावर भल्लाळदेव, शपथ घ्यायला उभा राहिलेला सेनापती बाहुबली, आणि जनता अशी काही गर्जना करते की राज्य एकाचे आणि जयजयकार दुसऱ्याचा. मध्यांतर झाले. दिवे लागले. म्हातारबा हलेनात. मला विचारतात, ‘पेटयेर कोण?’ म्हटले, किरवाणी. ते नाव त्यांनी दोनतीनदा पुटपुटले. पेटीवर कोण आहे याची चौकशी केल्याशिवाय दशावतारी माणसाला नाटक पुरते कळत नाही.

परत येताना कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात शिरलो, तोवर ते काही बोलले नाहीत. घरी पोचल्यावर म्हणाले, ‘बस.’ सोप्यावर एक बाकडे होते. त्यावर ते भल्लाळदेव होऊन बसले. मग उठून दोन पावलांवर उभे राहिले, बाहुबली झाले. पखवाज तोंडाने. शपथेचे शब्द त्यांनी तिथल्या तिथे मराठीत रचले, कारण दशावताराला लिहिलेली संहिता नसतेच. नाटकाआधी आख्यान ठरते, कोणी काय करायचे ते ठरते, आणि बाकीचे सगळे रंगमंचावर उभे राहून त्याच क्षणी बोलायचे. शपथ संपली. मला वाटले, आता हे जयघोष करतील. छे! ते पुन्हा बाकड्यावर बसले, भल्लाळदेव झाले, आणि हजारो लोकांचा जयघोष ऐकत असलेल्या राजाची मान त्यांनी फक्त दोन बोटे वळवली. तेवढीच. डोळे मात्र वळले नाहीत. मी अंगणातल्या दिव्याच्या उजेडात बसलो होतो आणि माझ्या अंगावर काटा आला. जो प्रसंग उभा करायला हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत साबू सिरिल यांना अख्खे राजधानीचे नगर बांधावे लागले, तो एका बाकड्यावर पुरा झाला. आणि दोन्ही मला सारखेच मोठे वाटले. (टाळ्या)

कार्यकर्त्यांकडून चिठ्ठी आली आहे : ‘१५ मिनिटे’. दोन मिनिटांची आठवण जरा लांबली. पण ती सांगण्यासाठीच मी आलो होतो.

आता कोणी म्हणेल, तेलुगू सिनेमाचा आणि पेडण्याच्या दशावतारी काल्याचा संबंध ओढूनताणून लावताय. मुळीच नाही. राजामौली स्वतः सांगत आले आहेत की लहानपणी ते अमर चित्रकथा वाचून वाढले आणि ‘मायाबाजार’ने त्यांना घडवले. १९५७ चा तो ‘मायाबाजार’ नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांच्या विजया प्रॉडक्शन्सने काढला. याच दोघांनी १९४७ साली ‘चंदामामा’ मासिक सुरू केले. तेच पुढे मराठीत ‘चांदोबा’ झाले. खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम आणि लोंबकळता वेताळ, ते चित्र ज्यांनी पाहिले नाही त्यांनी हात वर करा. (एकही हात वर होत नाही. हशा) म्हणजे तेलुगू कल्पनेचे राजवाडे आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत केव्हाचे येऊन पडले होते. आणि वेताळ आपल्याला ‘चांदोबा’तून कळायची गरज नव्हती, तो आमोण्याला देवळात उभा आहे. त्याही आधी फाळक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहना’त आणि १९१९ च्या ‘कालियामर्दना’त ट्रिकसीनच केले होते. आपली चित्रपटाची परंपरा चमत्कारापासून सुरू होते. वास्तववाद नंतर आला. तो मला प्रिय आहे, पण थोरला भाऊ कोण, हे विसरू नये.

इतिहास मी धावता घेतो, तुम्हाला तो पाठ आहे. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचे. पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, जुन्या काबिजादींत, देवळे पडली, उत्सवांवर बंदी आली. आपल्यासारख्या नव्या काबिजादींना तोवर धर्माचे स्वातंत्र्य देणे राज्यकर्त्यांना भाग पडले होते. म्हणून तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवर दशावतार अखंड राहिला. राज्ये बदलली, पण कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की नाटक मंडळी नदी ओलांडत राहिल्या. आपल्या तालुक्यांनी हे जपले, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

माहिष्मती हेही काही परके नाव नव्हे. पुराणातली माहिष्मती सहस्रार्जुनाची. नर्मदेकाठचे महेश्वर म्हणजेच ती, असे बहुतेक मानतात, म्हणजे अहिल्याबाईंची राजधानी. आणि त्या सहस्रार्जुनाला मारले कोणी? (सभागृहातून : ‘परशुरामाने!’) बरोबर. ज्याने समुद्र मागे हटवून आपल्याला ही जमीन दिली असे आपण मानतो, त्याने. दशावतारातला सहावा अवतार.

आता जिथे चित्रपट कमी पडतो ते सांगतो, कारण चाहता म्हणजे आंधळा नव्हे. पहिल्या भागात नायक शिवुडू अवंतिकेला तिच्या मनाविरुद्ध नटवतो, त्या प्रसंगावर टीका झाली, ती रास्त आहे. मला तो प्रसंग आवडत नाही. आणि दुसरी गोष्ट, शत्रू म्हणून येणारे कालकेय. काळे, बेढब, रानटी, आणि त्यांच्यासाठी मदन कार्की यांनी किलिकी नावाची वेगळी भाषाच बनवली. मेहनत अफाट आहे. पण शत्रूची भाषा आपल्याला कळू नये, अशी ती योजना आहे. याउलट दशावतारातला आपला संकासूर बघा. वेद चोरणारा असुर. काळा पोशाख, काळा मुखवटा, लोंबणारी जीभ, पोरे घाबरून आयांच्या कुशीत शिरतात. आणि बोलतो काय? चक्क मालवणी! गावच्या गोष्टी काढतो, थट्टा करतो. शेवटी विष्णू त्याला मारतो, पण तोवर सगळ्यांनी त्याच्यावर जीव लावलेला असतो. आपल्या लोकनाट्याने असुराला आपल्याच वाड्यावरचा माणूस केले. इथे राजामौलींपेक्षा आमचा संकासूर मोठा आहे. हे मी पेडणेकर म्हणून बोलत नाही. (सभागृहातून : ‘बोलताय, बोलताय!’ हशा) बरं, पेडणेकर म्हणूनही बोलतो. पण मुद्दा खरा आहे.

अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. कटाप्पाबद्दल, देवसेनेबद्दल, तळहातावर बाळ तोलून पाण्यात बुडत जाणाऱ्या शिवगामीबद्दल, आईच्या खेपा वाचाव्यात म्हणून शिवलिंगच उचलून धबधब्याखाली नेणाऱ्या त्या मुलाबद्दल बोलायचे होते. ते राहिले. एवढेच सांगतो की शिवलिंगाचा तो प्रसंग माझ्या मते दोन्ही भागांत श्रेष्ठ आहे. तिथे ताकद आणि माया वेगळी काढता येत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ आला, दिलीप प्रभावळकरांनी त्यात म्हातारा दशावतारी उभा केला. शहरातली माणसे तो पाहून भारावली आणि मला विचारू लागली, ‘हे अजून चालतं का हो?’ चालते. कार्तिकापासून पुढे कितीतरी रात्री चालते, पेडण्याहून तासाभराच्या अंतरात कुठे ना कुठे. तिकीट नसते. ज्या मुलांना ‘बाहुबली’चे संवाद पाठ आहेत, त्यांना घेऊन जा. सुरुवातीच्या आड दशावतारापासून बसवा, मधूनच नेऊ नका. झोपली तर झोपू द्या, युद्धाच्या वेळी पखवाज त्यांना उठवेल.

आणि व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. पुढच्या वर्षी माझ्यासारख्या वक्त्याची एक संध्याकाळ कमी करा आणि ती एखाद्या दशावतारी मंडळीला द्या. मानधन वक्त्याला देता तेवढे नको, मंडळीत जितकी माणसे असतात त्या हिशोबाने द्या. मंचावरून ही टेबल-खुर्ची काढून एक बाकडे ठेवा. बाकीचे ते करतील.